पाच मिनिटांत जंतू सापडतो, मग रिपोर्टला सहा दिवस का?

मनवा
मागच्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या लेकाला ताप आणि जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली आणि त्याला दाखल करावं लागलं. चार दिवस सलाईन. शौचाचा नमुना कल्चरला गेला होता, त्याचा 'साल्मोनेला' असा रिपोर्ट हातात पडला तेव्हा तो घरी येऊन पलंगावर उड्या मारत होता. ज्या पदार्थावर संशय होता त्याचा उरलेला डबा मी एका खासगी प्रयोगशाळेत दिला होता. तिकडचं उत्तर सहाव्या दिवशी आलं, तेही साल्मोनेलाच.

त्या रात्रींमध्ये मी मोबाईलवर भरपूर वाचलं. ग्राफीनचा सेन्सर, सोन्याचे नॅनोकण, पाच मिनिटांत जंतू ओळखणारी चिप. दर दोन-चार महिन्यांनी अशी बातमी असतेच. माझा प्रश्न साधा आहे: हे सगळं खरं असेल तर प्रयोगशाळेत अजून प्लेटा उबवत का बसतात? ही साधनं कुठे अडली आहेत? इथे या क्षेत्रातली मंडळी आहेत, कृपया लिहा.

जोडीला एक उपप्रश्न. नॅनोकण पॅकिंगमध्ये आणि थेट खाण्यातही असतात असं वाचलं. त्याची भीती बाळगायची का?

साखरझोप
वाचतेय. लेक आता पूर्ण बरा ना?

मनवा
हो ताई, ठणठणीत. वजनही भरून आलं.

उबवणी
मी अन्नाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काम करते आहे. मनवा, तुमची तगमग मला रोज फोनवर ऐकू येते, म्हणून सविस्तर लिहिते.

साल्मोनेलाचा नियम बहुतेक पदार्थांसाठी असा असतो की २५ ग्रॅममध्ये तो आढळता कामा नये. कमी असून चालत नाही, आढळताच कामा नये. म्हणजे २५ ग्रॅममध्ये एकच जिवंत पेशी असली तरी ती आम्हाला सापडायला हवी. आता तुमची ती पाच मिनिटांची चिप घ्या. तिच्यावर किती नमुना मावतो? समजा ५० मायक्रोलिटर, म्हणजे एक बारका थेंब. २५ मिलीचे असे ५०० थेंब होतात. एक पेशी त्यातल्या एकाच थेंबात असणार. चिप कितीही तीक्ष्ण असली तरी ४९९ वेळा तिच्या थेंबात जंतूच नाही! 'आढळला नाही' असं ती अगदी प्रामाणिकपणे सांगेल आणि डबा विषारीच राहील.

म्हणून आम्ही त्या एका पेशीच्या कोट्यवधी करतो. २५ ग्रॅम नमुना २२५ मिली पोषक द्रावात घालून साधारण ३७ अंशांवर १८ तास ठेवतो. वाळवलेल्या, शिजवलेल्या किंवा गोठवलेल्या पदार्थातला जंतू अर्धमेला असतो, त्याला आधी सावरायला वेळ लागतो. मग निवडक द्रावात २४ तास, तिथे बाकीचे जंतू मागे पडतात आणि साल्मोनेला पुढे येतो. मग प्लेटवर २४ तास. आम्ही वापरतो ते माध्यम लाल असतं आणि साल्मोनेलाच्या वसाहतींच्या मधोमध काळा ठिपका येतो. सकाळी इनक्युबेटरचं दार उघडून प्लेट उजेडात धरली आणि तो काळा ठिपका दिसला की चौदा वर्षांनंतरही माझ्या पोटात गोळा येतो. तरी लगेच कळवता येत नाही, कारण दुसरेही काही जंतू तसाच ठिपका देतात. मग खात्रीच्या चाचण्या. असे चार दिवस होतात, मध्ये सुट्टी आली तर सहा.

सेन्सर मंद आहे म्हणून आम्ही थांबत नाही. जंतूची संख्या वाढावी लागते, म्हणून थांबतो.

पाचोळा
५०० थेंबांचा हिशोब वाचून पहिल्यांदाच नीट उमगलं. बातमीत हे एक वाक्य का छापत नाहीत?

अभ्रक
उबवणीताईंना अनुमोदन, पण हाताशी येणाऱ्या नमुन्याचा आकार हे अर्धंच उत्तर आहे. मी ट्रान्झिस्टरवर आधारित जैवसंवेदकांवर पीएचडी करतो आहे, दुसरं अर्धं मी लिहितो.

आमचं साधन असं चालतं. ग्राफीनची, म्हणजे कार्बनची एक पातळ पट्टी, तिच्यावर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक जंतूला किंवा रेणूला धरणारी प्रथिनं, बसवलेल्या. जंतू किंवा प्रथिन येऊन चिकटलं की त्याच्या विद्युतभारामुळे पट्टीतला प्रवाह बदलतो. कल्पना जुनीच आहे, पीट बेर्गव्हेल्ड यांनी १९७० साली आयनांना प्रतिसाद देणारा ट्रान्झिस्टर मांडला होता. ग्राफीनमुळे फायदा एवढाच की पट्टीची जाडीच एका अणूची, म्हणजे ती सगळीच्या सगळी पृष्ठभाग आहे. वर काहीही हललं की तिला कळतं.

अडचण मिठाची. शरीरातल्या द्रवात किंवा अन्नाच्या रसात विरघळलेले आयन असतात. कुठलाही विद्युतभार दिसला की त्याच्याभोवती उलट भाराचे आयन गोळा होतात आणि त्याला झाकून टाकतात. आपल्या रक्ताइतक्या खारट द्रवात हा भार एक नॅनोमीटरच्याही (मिलीमीटरचा दहा लाखावा भाग) आत विरून जातो. याला डेबाय अंतर म्हणतात. अँटिबॉडी स्वतःच दहा-पंधरा नॅनोमीटर उंच. म्हणजे तिच्या टोकावर जंतू येऊन चिकटला तरी खालच्या पट्टीला पत्ता लागत नाही.

मग शोधनिबंधात काय करतात? मीठ शंभरपट पातळ करतात. स्वच्छ, पातळ द्रावात सुंदर आलेख येतो. माझाही आला होता, पहिल्या वर्षी. मग मार्गदर्शक म्हणाले, आता दुधात कर. दुधाचा थेंब टाकला आणि प्रवाहाची रेघ एका बाजूला घसरत गेली ती थांबेचना. प्रथिनं आणि स्निग्धाचे गोळे पट्टीवर थर धरून बसतात. त्या दिवशी मी रात्री अकरापर्यंत प्रयोगशाळेत बसून होतो, एकेक चिप धुऊन पुन्हा लावत होतो. सात चिपा गेल्या.

तेव्हापासून कुठलाही निबंध हातात आला की मी सारांश सोडून आधी हे बघतो की नमुना काय होता. 'दुधात' की 'दूध गाळून, चरबी काढून, शंभरपट पातळ केलेल्या द्रावात'.

गोधूली
डेबाय अंतर माझ्या डोक्यावरून गेलं रे. घरच्या भाषेत सांग ना.

अभ्रक
काकू, भरगच्च गर्दीत तुम्ही कुणाला हाक मारली तर शेजारच्या दोघांना ऐकू येईल, पंधराव्या माणसाला नाही. गर्दी म्हणजे मीठ, हाक म्हणजे जंतूचा विद्युतभार, आणि कान पंधराव्या माणसाला आहेत. यावरचा एक उपाय म्हणजे हाक मारणाऱ्यालाच कानाजवळ आणायचं. अँटिबॉडीऐवजी अ‍ॅप्टामर नावाचे डीएनएचे छोटे तुकडे वापरतात. लक्ष्य पकडलं की ते आकार बदलतात, दुमडतात आणि त्यांचा स्वतःचा भार पट्टीच्या जवळ सरकतो. अ‍ॅप्टामर निवडायची रीत १९९० साली निघाली.

गोधूली
आता समजलं. उंच अँटिबॉडीपेक्षा बुटका अ‍ॅप्टामर बरा!

धारोष्ण
चर्चा निराशेकडे झुकते आहे म्हणून लिहितो. नॅनोकण कुठेच पोचले नाहीत असं नाही. मी दूध संकलनाच्या ठिकाणी तपासणीला असतो आणि रोज सकाळी सोन्याचे नॅनोकण वापरतो. प्रतिजैविकांची स्ट्रिप. गाईला कासेचा दाह झाला की पेनिसिलिन देतात आणि त्यानंतर ठरलेले दिवस तिचं दूध वेगळं काढावं लागतं. ते चुकून टँकरमध्ये गेलं तर सगळा टँकर वाया. म्हणून टँकर रिकामा करण्याआधी स्ट्रिप बुडवायची. काही मिनिटांत उत्तर.

स्ट्रिपवर जी गुलाबी रेघ उमटते ते सोनंच असतं. ३०-४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण पिवळे दिसत नाहीत, माणकासारखे लाल दिसतात.

पण एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवावी लागते. गर्भचाचणीत दोन रेघा म्हणजे 'आहे'. आमच्या स्ट्रिपवर दोन रेघा म्हणजे 'नाही', दूध स्वच्छ. औषधाचा रेणू इतका लहान की दोन अँटिबॉडींना त्याला दोन्हीकडून धरता येत नाही, म्हणून चाचणी उलटी बांधलेली असते. दुधात औषध असेल तर ते अँटिबॉडीच्या जागा आधीच अडवतं आणि चाचणीची रेघ फिकट होते किंवा उमटतच नाही. माझ्या पहिल्या आठवड्यात मी एकच रेघ बघून टँकर पास म्हणून लिहिला होता. वरिष्ठांनी वहीत सही करताना स्ट्रिप पाहिली आणि धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायला लावला. त्या दिवसापासून मी स्ट्रिप वहीला चिकटवून शेजारी शब्दांत लिहितो, 'रेघ आहे', 'रेघ नाही'.

उबवणी
धारोष्ण, हे फार मोलाचं लिहिलंत. आणि तुमची स्ट्रिप का चालते तेही बघा. पेनिसिलिन दुधात विरघळून सगळीकडे सारखं पसरतं, त्यामुळे कुठलाही थेंब घेतला तरी चालतो. जंतू तसा पसरत नाही. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन शेंगदाण्यात तर त्याहून वाईट. पोत्यातले बहुतेक दाणे निर्मळ आणि एखादाच दाणा विषाने भरलेला. तिथे साधन कुठलंही वापरा, नमुना कुठून आणि किती काढला यावर सगळं ठरतं.

रानमोगरा
मनवाताईंच्या उपप्रश्नाकडे कुणी वळतच नाहीये. माझं मत स्पष्ट आहे: खाण्यात नॅनो नको. पांढरा रंग यावा म्हणून गोळ्या-चॉकलेटांवर आणि च्युइंगममध्ये टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, ई-१७१. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये सांगितलं की हे आता सुरक्षित मानता येत नाही आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने अन्नातून ते बंद केलं. मुलांच्या गोळ्या पांढऱ्याशुभ्र दिसाव्यात एवढ्यासाठी हा धोका का घ्यायचा?

त्रिज्या
रानमोगरा, तुमची काळजी रास्त आहे, पण चित्र अर्धं आहे. मी विषशास्त्र शिकवते. युरोपने जे म्हटलं ते असं: या कणांमुळे डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून सुरक्षित प्रमाण ठरवता येत नाही. 'इजा होते' असं सिद्ध झाल्याचं त्यात म्हटलेलं नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये तोच प्रश्न पुन्हा तपासला आणि मर्यादा घालण्याची गरज नाही असं ठरवलं. अमेरिकेत वजनाच्या १ टक्क्यापर्यंत परवानगी आहे. अभ्यासक तेवढेच प्रामाणिक, पण शंकेचा फायदा कुणाला द्यायचा यावर मतभेद.

आणि 'नॅनो' हा शब्द एकट्याने काहीच सांगत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन मुळातच एक-दोनशे नॅनोमीटरच्या गोळ्यांत असतं, आपण जन्मापासून ते पितो. ते पोटात पचतं, संपतं. मी विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न हा विचारायला लावते: कण विरघळतो का? विरघळला तर तो साधं रसायन झाला. टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाही, तिथे तो कुठे जाऊन साठतो हे विचारावं लागतं. चांदीचे कण हळूहळू आयन सोडतात, तिथे किती चांदी पॅकिंगमधून अन्नात उतरली हे मोजावं लागतं. दुसरा प्रश्न, कुठल्या वाटेने? त्याच पांढऱ्या भुकटीचा फुप्फुसातला धोका आणि पोटातला धोका वेगळा. कारखान्यात पोती ओतणाऱ्या कामगाराची काळजी मला गोळी खाणाऱ्यापेक्षा जास्त वाटते.

रानमोगरा
कामगारांचा मुद्दा मान्य, माझ्या डोक्यात आला नव्हता. पण पचणाऱ्या कणाला आपण घाबरत नाही हे जर खरं, तर न पचणारा कण केवळ दिसण्यासाठी घालायचा नाही, एवढं तरी मान्य करा. औषधाच्या गोळीवर असेल तर निदान औषध तरी मिळतं. चॉकलेटवर त्याचा उपयोग काय?

त्रिज्या
उपयोग काहीच नाही, हे शंभर टक्के मान्य. नुसत्या रंगासाठी असेल तर मीही नको म्हणेन.

पाचोळा
अवांतर: सोन्याचे लाल कण वाचून आठवलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे, लायकर्गस पेला. समोरून उजेड पडला की हिरवा, आत दिवा ठेवला की लाल. काचेत सोन्या-चांदीचे अगदी बारीक कण आहेत म्हणून. कारागिरांना नॅनो हा शब्द ठाऊक नव्हता, पण हात बसलेला होता. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याच्या लाल द्रावाचा रंग बारीक कणांमुळे येतो हे मांडलं.

धारोष्ण
@पाचोळा, म्हणजे मी रोज सकाळी रोमन कारागिरी वहीला चिकटवतोय. आजपासून वही कुलपात!

साखरझोप
माझा अनुभव अन्नाचा नाही, आरोग्याचा आहे. बाबांना मधुमेह. त्यांच्या दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावला आहे, केसाएवढा तंतू कातडीखाली असतो आणि आकडा मोबाईलवर येतो. एका रात्री दोन वाजता धोक्याचा अलार्म वाजला, साखर ५४. धावत गेले. बाबा गाढ झोपलेले, कपाळावर घाम नाही. बोट टोचून पाहिलं तर ११८. ते सेन्सरच्याच दंडावर झोपले होते, दाबामुळे तिथला द्रव सरकला होता. कूस बदलली आणि अर्ध्या तासात आकडा वर आला. आता बाबा दुसऱ्या कुशीवर झोपतात आणि मी अलार्म वाजला की आधी त्यांचा दंड बघते.

दुसरी एक गंमत. एकदा त्यांनी संत्र सोलून तसंच बोट टोचलं, ग्लुकोमीटरवर २८०! हात धुऊन पुन्हा केलं तर १४०. फळाची साखर बोटावर होती.

अभ्रक
साखरझोपताई, तुमच्या बाबांच्या दंडावर आहे ते या सगळ्या क्षेत्राचं सर्वात यशस्वी लेकरू आहे. लेलंड क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवून साखर मोजायची कल्पना मांडली. आजही ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीतूनच मिळवतात. ते यशस्वी का झालं? रक्तात ग्लुकोज भरपूर असतं. एका लिटरमध्ये सुमारे एक ग्रॅम! आणि एकच एन्झाइम एकामागून एक ग्लुकोजचे रेणू धरून प्रत्येकातून विद्युतकण सोडवत राहतं, त्यामुळे मोठा प्रवाह मिळतो. जंतूच्या बाबतीत दोन्ही सोयी नाहीत.

तरीही १९६२ पासून कातडीखालच्या सेन्सरला मान्यता मिळेपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, सदतीस वर्षं गेली. त्यातला फार मोठा काळ कातडी, घाम, दाब, औषधं यांच्याशी झगडण्यात गेला. काही सेन्सरांत तर पॅरासिटामॉलही इलेक्ट्रोडवर जळतं आणि साखर खोटी वाढलेली दिसते. बाबा ते घेत असतील तर सेन्सरचं माहितीपत्रक एकदा बघून घ्या.

साखरझोप
घेतात, गुडघ्यासाठी! आजच बघते. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

गोधूली
माझ्या यजमानांच्या छातीत पेसमेकर आहे, आठ वर्षं झाली. तेही यातच मोडतं का रे अभ्रक?

अभ्रक
काकू, ते तर या घराण्यातलं थोरलं भावंड. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. तो काही तासच चालला. पुढे त्यांना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले, पण ते २००१ पर्यंत जगले.

गोधूली
हे आज रात्री यांना वाचून दाखवते.

उबवणी
मेलामाइनचं कुणी काढलं नाही म्हणून थोडक्यात. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरायचं रसायन मिसळलं गेलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. प्रथिन मोजायची रीत १८८३ ची, केल्डालची, आणि ती प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते. मेलामाइनमध्ये दोन तृतीयांश वजन नायट्रोजनचंच, म्हणून पाणी घातलेलं दूधही चाचणीत 'सकस' ठरलं. त्यानंतर सोन्याच्या कणांनी मेलामाइन ओळखायच्या पद्धतींवर पुष्कळ काम झालं, कण एकत्र आले की लालाचा निळा होतो. पण तेव्हाही मेलामाइन शोधणारी यंत्रं जगात होती. दुधात ते शोधायला हवं हे नेहमीच्या तपासणीत कुणी धरलंच नव्हतं. सेन्सर ज्यासाठी बांधला तेवढंच सांगतो.

मनवा
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस पुन्हा पुन्हा वाचते आहे. उबवणीताई, एक विचारते. उबवून संख्या वाढल्यावर तरी झटपट सेन्सर लावता येईल ना? आणि मेलेला जंतूही तो मोजेल का?

उबवणी
दोन्ही प्रश्न नेमके विचारलेत. हो, आणि तसं होतंही. १८ तासांच्या उबवणीनंतर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, लावून दुसऱ्या दिवशी 'नाही' असं खात्रीने सांगता येतं. लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय कण अँटिबॉडी लावून द्रावात सोडायचे, जंतू त्यांना चिकटतो, बाहेरून चुंबक धरून सगळे एका कोपऱ्यात ओढून घ्यायचे, हेही प्रयोगशाळांत रुळलं आहे. माझ्या मते या क्षेत्रात नॅनोकणांचं सर्वात खरं काम हेच, मोठ्या नमुन्यातून जंतू गोळा करून छोट्या थेंबात आणणं. अभ्रकसारख्या मुलांनी इथे डोकं लावावं असं मला फार वाटतं.

मेलेल्याचं म्हणाल तर अँटिबॉडी आणि पीसीआर दोघांनाही जिवंत-मेला फरक सहसा कळत नाही. नीट शिजवलेल्या पदार्थातही मेलेल्या जंतूचा डीएनए असतो. प्लेटवर मात्र जिवंतच उगवतो. शिवाय प्लेटवर उगवलेला जंतू हातात असला तर त्याचा पूर्ण जनुकक्रम काढून रुग्णाच्या जंतूशी जुळवता येतो. तुमच्या डब्यातला आणि लेकाच्या शौचातला एकच होता की नाही, हे चिप सांगू शकली नसती. त्या सहा दिवसांत वाढलेली वसाहत सांगू शकते. प्रयोगशाळेला विचारा, त्यांनी ती ठेवली आहे का.

मनवा
आज दुपारी फोन केला. ठेवली आहे, उणे ८० अंशांत, लेकाच्या नमुन्याच्या क्रमांकाशेजारीच माझ्या डब्याचा क्रमांक. जुळवणीसाठी अर्ज करायला सांगितलंय, उद्या सकाळी जाऊन देते.